मॅकवाल्यांचे इमान

उम्बर्तो एको या इटालियन लेखकाने १९९४ च्या सप्टेंबरअखेरीस ‘लेस्प्रेस्सो’ साप्ताहिकातल्या आपल्या सदरात एक छोटे स्फुट लिहिले. जगातले संगणक वापरणारे लोक दोन धर्मांत विभागले गेले आहेत, असे त्याचे म्हणणे. मॅकिंटॉश कॅथलिक आहे: चित्रे दाखवत, हात धरून, पायरीपायरीने तो तुम्हाला मोक्षापर्यंत, म्हणजे छापलेल्या कागदापर्यंत, नेतो. डॉस प्रॉटेस्टंट आहे: ग्रंथाचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा, निर्णय कठीण, आणि सगळ्यांनाच मोक्ष मिळेल अशी हमी नाही. विंडोज म्हणजे अँग्लिकन पंथ. देवळात थाटाचे विधी, पण मनात आले की पुन्हा डॉसकडे परतता येते. आणि या सगळ्यांच्या तळाशी यंत्रभाषा, जुन्या करारासारखी.

हे स्फुट मी पहिल्यांदा इंग्रजी भाषांतरात वाचले तेव्हा शनिवार पेठेतल्या एका अक्षरजुळणीच्या दुकानात मॅकवर बसत होते. वाचून इतका आनंद झाला की त्याची झेरॉक्स काढून मी शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याच्या टेबलावर ठेवली. तो पीसीवाला. त्याने ती वाचली, मागच्या कोऱ्या बाजूवर कसला तरी हिशेब केला आणि चहाचा कप त्यावर ठेवला.

आज वाघोलीच्या घरात बसून तेच स्फुट पुन्हा वाचताना ते मला तितकेच चतुर वाटते, पण अपुरेही वाटते. हा अपुरेपणा काय आहे, हे शोधण्यासाठी हा लेख. एकोच्या जोडीला मी दोन गोष्टी वाचणार आहे: एक गाजलेली जाहिरात आणि एक न उघडणारी फाइल.

जाहिरात सर्वांना माहीत आहे ती. २२ जानेवारी १९८४ रोजी अमेरिकेत एका फुटबॉल सामन्याच्या मध्यंतरानंतर ती दाखवली गेली. दिग्दर्शक रिडली स्कॉट. करड्या कपड्यांतले, डोके भादरलेले लोक रांगेने येऊन बसतात, समोरच्या अवाढव्य पडद्यावर एक चेहरा प्रवचन देत असतो, आणि एक तरुणी धावत येऊन हातातला घण त्या पडद्यावर भिरकावते. दोन दिवसांनी मॅकिंटॉश बाजारात येणार आहे आणि मग १९८४ हे साल ऑर्वेलच्या कादंबरीसारखे का असणार नाही ते तुम्हाला कळेल, एवढेच शेवटी सांगितले जाते. यंत्र कुठेही दिसत नाही. त्या तरुणीच्या बनियनवर रेषांनी काढलेली एक आकृती आहे, तीही चौकस डोळ्यांनाच दिसेल. काय विकायचे आहे ते न दाखवता कोणाशी भांडायचे आहे ते आधी दाखवायचे, ही या जाहिरातीची खरी युक्ती. पडद्यावरचा चेहरा आयबीएमचा, हे त्या वेळच्या प्रेक्षकाला सांगावे लागले नाही.

या युक्तीला पुढे समाजशास्त्राने नाव दिले. म्युनिझ आणि ओ’ग्विन या दोन अभ्यासकांनी २००१ मध्ये एकाच छापाच्या वस्तू वापरणाऱ्या समुदायांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी तीन वस्तू घेतल्या: फोर्डची ब्रॉन्को गाडी, साब गाडी आणि मॅकिंटॉश. अशा समुदायात आपलेपणाची जाणीव असते, विधी आणि आख्यायिका असतात, एकमेकांना मदत करण्याची नैतिक जबाबदारी असते, असे त्यांना आढळले. पण मला त्यांचे आणखी एक निरीक्षण जास्त मोलाचे वाटते. हे लोक आपण काय वापरतो यापेक्षा आपण काय वापरत नाही यावरून स्वतःला ओळखतात. माझ्याबाबतीत हे शब्दशः खरे होते. मॅकमध्ये नेमके काय चांगले आहे असे कोणी विचारले, तर मी पहिली पाच मिनिटे विंडोजची निंदा करत असे.

शत्रूवर उभी राहिलेली निष्ठा शत्रू बदलला की काय करते? इतिहास गमतीचा आहे. ज्या आयबीएमच्या तोंडावर घण फेकला, तिच्याशी ॲपलने १९९१ मध्ये करार केला आणि १९९४ पासून त्या करारातून जन्मलेल्या चिप मॅकमध्ये बसू लागल्या. १९९७ च्या ऑगस्टमध्ये बोस्टनच्या मेळाव्यात स्टीव्ह जॉब्झने मायक्रोसॉफ्टशी समझोता जाहीर केला. मायक्रोसॉफ्ट १५ कोटी डॉलर गुंतवणार होती. त्या वेळी मागच्या प्रचंड पडद्यावर बिल गेट्सचा चेहरा आला आणि सभागृहात हुर्यो उठली. खाली रांगेने बसलेले लोक, वर अवाढव्य चेहरा. तेरा वर्षांपूर्वीच्या जाहिरातीतलेच दृश्य, फक्त घणवाली आली नाही. ॲपलने जिंकायचे तर मायक्रोसॉफ्टने हरलेच पाहिजे हा विचार आता सोडा, अशा अर्थाचे जॉब्झ त्या दिवशी बोलला. धन्याने शत्रुत्व सोडले, चाकरांनी नाही. २००६ ते २००९ या काळात पुन्हा दोन माणसे शेजारी उभी करून, एक मॅक आणि एक पीसी, अशा जाहिरातींची मालिकाच ॲपलने चालवली. म्हणजे धन्यालाही ते फार काळ जमले नाही.

यंत्राचे तर काय सांगावे. १९८४ चा मॅक मोटोरोलाच्या चिपवर चालत होता, मग आयबीएमच्या सहकार्याने झालेली पॉवरपीसी आली, २००६ मध्ये इंटेल, २०२० पासून कंपनीच्या स्वतःच्या चिप. २००१ मध्ये कार्यप्रणाली मुळापासून बदलली. नवी ज्या पायावर उभी राहिली ते युनिक्स. पुण्यातला वाडा पाडून तिथे सहा मजली इमारत उठते आणि दारावर ‘अमुक वाडा’ ही पाटी तशीच राहते, तसे हे. पाटीला नमस्कार करत आपण आत जातो.

इथपर्यंत एको आपल्याला साथ देतो. पाटीला नमस्कार हा धर्माचाच प्रकार. पण त्याच्या रूपकात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: भक्ताने आपला पंथ निवडलेला आहे, किंवा निदान तो सोडण्याची मुभा त्याला आहे. आमच्या दुकानात मॅक आला तो असा: एक जाहिरात संस्था बंद पडत होती, तिचे सामान विकायला निघाले आणि आमच्या मालकांनी दोन यंत्रे आणि एक लेझर प्रिंटर स्वस्तात उचलला. त्यांतल्या एका यंत्रावर १९९६ मध्ये मला बसवले. ही निवड नव्हे. आपल्याकडे याला वेगळा शब्द आहे. इष्टदैवत माणूस निवडतो. कुलदैवत त्याच्या जन्माआधीच ठरलेले असते. जेजुरीला जाणारा माणूस खंडोबाची इतर देवांशी तुलना करून जात नाही. माझे मॅकशी नाते कुलदैवताचे होते आणि मी त्याविषयी इष्टदैवताच्या भाषेत बोलत होते. जाहिरातीचे यश हेच, की जे नशिबाने मिळाले ते आपण निवडले असे ती वाटायला लावते.

मराठीत निष्ठेला दुसरा शब्द इमान. अरबीत त्याचा अर्थ धर्मश्रद्धा. मराठीत येता येता तो देवाकडून धन्याकडे सरकला: इमानेइतबारे चाकरी, इमानी कुत्रा, बेइमान. त्याच्या पाठीशी मिठाचा हिशेब आहे. खाल्ल्या मिठाला जागायचे. वाघोलीत वाघेश्वराच्या मंदिराजवळ पिलाजी जाधवरावांची समाधी आहे. शाहू छत्रपतींच्या काळातला हा मोठा सरदार. त्या काळच्या सरदाराचे इमान आणि त्याचा सरंजाम या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. धनी सरंजाम देई, सरदार फौजेनिशी हजर होई. संगणक घेणारा मात्र पैसे देतो, वर इमानही देतो. मीठ कोणी खाल्ले? हा प्रश्न मला त्या वयात पडायला हवा होता. पगार तीन हजारांच्या आत होता आणि मी कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीच्या वतीने शनिवार पेठेत भांडत होते.

एकोच्या दुसऱ्या गृहीतकाकडे येते. ते अधिक खोल आहे आणि त्याच्या लक्षात येण्याचे कारणही नव्हते. इटालियन माणसाची लिपी दोन्ही देवळांत होती. कॅथलिक यंत्र घ्या, प्रॉटेस्टंट घ्या, कळ दाबली की त्याचे अक्षर उमटणार. १९९४ मध्ये देवनागरीची स्थिती तशी नव्हती. भारतात प्रमाणीकरणाचे काम झाले नव्हते असे नाही. इनस्क्रिप्ट कळफलक १९८६ मध्ये ठरला. पुण्यातच १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाली, आयआयटी कानपूरला सुरू झालेले जिस्टचे काम तिथे आले, आणि भारतीय लिप्यांची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून मान्य झाली. युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधारे झालेली आहे. पण पेठांतल्या दुकानांना मानक नको होते, पान हवे होते. पेजमेकरमध्ये सुबक मराठी पान. ते द्यायचा मार्ग एकच: इंग्रजी अक्षरांच्या खणांत देवनागरीचे तुकडे बसवलेला फॉन्ट. ए-च्या खणात काना, बी-च्या खणात अर्धा म, असे. खण फार तर दोनशेच्या घरात, देवनागरीचे तुकडे त्याहून जास्त. मग कोणते जोडाक्षर ठेवायचे, कोणते सोडायचे, हे ज्याने त्याने ठरवले.

हा प्रश्न जुना आहे. खिळ्यांची संख्या कमी कशी करावी या विवंचनेत लोकमान्य टिळकांनीही डोके घातले होते. निर्णयसागर छापखान्यासाठी राणोजी रावजी आरूंनी जे टाइप घडवले, त्यांच्या वळणाशी पुढे पिढ्यान्‌पिढ्या छापखाने बांधलेले राहिले. ही सगळी हकिगत ज्यांना हवी त्यांनी बापूराव नाईकांचे १९७१ चे ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ पाहावे. पण शिशाच्या खिळ्यांत आणि या फॉन्टांत एक फरक होता. निर्णयसागरचा खिळा वापरून छापलेले पुस्तक कोणालाही वाचता येई. नव्या पद्धतीत प्रत्येक कंपनीचे खण निराळे. एकीच्या फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर दुसरीच्या फॉन्टमध्ये चिनी होऊन जाई. वर कंपनीचे कुलूप, म्हणजे संगणकाच्या पाठीला लावायचे डोंगल. ते नसेल तर टंकनच बंद. देव आणि भक्त यांच्यामध्ये जसे बडवे होते, तसा इथे फॉन्टवाला उभा. हे म्हणताना त्यांचे श्रम मी नाकारत नाही. त्या काळातली मराठी पुस्तके त्यांच्यामुळेच निघाली, आणि पुण्यातल्या मॉड्युलरच्या ‘श्रीलिपी’ने तर पेठेतल्या पीसीवाल्यांची एक अख्खी पिढी पोसली.

मी ज्या फॉन्टवर काम केले तो यांतला कोणाचा नव्हे. ती कंपनी छोटी होती, मॅकसाठी फॉन्ट करणाऱ्या मोजक्यांपैकी, आणि आता ती नाही. नाव घेत नाही.

आता फाइल. १९९८ मध्ये मी एका ललित लेखकाचा संग्रह जुळवला. कोकणातले गृहस्थ, शिक्षक, संतसाहित्य आणि समुद्र हे दोनच विषय. पुस्तक निघाले, बऱ्यापैकी खपले. २००३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीसाठी ते स्वतः दुकानात येऊन बसले, चार दिवस. मी टंकत होते, ते शेजारी बसून सांगत होते. दोन लेखांचे शेवट त्यांनी बदलले, एक संपूर्ण परिच्छेद नव्याने घातला. प्रकाशकाचे काही बिनसले, आवृत्ती राहिली. २००६ मध्ये दुकान बंद झाले. यंत्र मोडीत गेले. त्याआधी सगळ्या फायली एका विंडोजच्या यंत्रावर नेऊन त्यांच्या सीडी केल्या. ते काम मी केले, आणि नाक मुरडत केले.

२०२२ मध्ये त्यांच्या मुलाचा फोन आला. बाबा गेले, त्यांना दुसरी आवृत्ती काढायची होती, तुमच्याकडे काही आहे का? सीडी निघाली, उघडली. पडद्यावर रोमन अक्षरे, अंक, चिन्हे, आणि जागोजागी प्रश्नचिन्हे.

प्रश्नचिन्हांचे कारण मला आमच्या इमारतीतल्या मुलाने समजावले. तो खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. रविवारी सकाळी लॅपटॉप घेऊन आला. “काकू, रोमन अक्षरांचं सोपं आहे. तुम्ही सांगा कुठल्या खणात काय, मी तक्ता करतो. पण हे प्रश्नचिन्हवाले खण गेलेच. मॅकच्या वरच्या खणांतली काही चिन्हं विंडोजच्या तक्त्यात मुळात नव्हतीच. कॉपी करताना ज्याला जागा मिळाली नाही, त्याचं प्रश्नचिन्ह झालं.”

“म्हणजे मॅकवर केलं नसतं तर वाचलं असतं?”

“मॅकवरच ठेवलं असतं तरी वाचलं असतं,” तो म्हणाला. हे त्याने माझ्या समाधानासाठी म्हटले असावे.

तीन रविवार गेले. उशिरा का होईना, मी यंत्राशी नव्हे तर त्या खणांच्या मांडणीशी बांधलेली होते, हे तेव्हा कळले. वीस वर्षांनी कोणी ‘कोणत्या कळीवर श्र?’ असे विचारले तर मला सांगता आले नाही. पण बोटे टेबलावर ठेवून ‘श्रावण’ टंकल्यासारखे केले की बोट बरोबर तिथे गेले. तक्ता असा भरला. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये क्वर्टी कळफलकावर निबंध लिहून दाखवले की एकदा बोटे बसली की बाजार चांगल्या पर्यायाकडेही वळत नाही. त्यात निष्ठा हा शब्द नाही. मला वाटते, अक्षरजुळणीच्या धंद्यातल्या बहुतेक निष्ठांना तिथेच शोधायला हवे.

एका बाबतीत जुन्या पद्धतीच्या दोषानेच आम्हाला तारले. त्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने टंकायची: ऱ्हस्व वेलांटी आधी, मग व्यंजन, रफार सगळ्यात शेवटी. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम, म्हणून वेलांटी नंतर आणि रफाराचा र आधी. जुना क्रम अशास्त्रीय, असे मीही चारचौघांत ऐकवत असे. आता रफार आणि ‘कुऱ्हाडी’तला ऱ, दोघांचेही प्रश्नचिन्ह झालेले. पण ‘दर्या’त ते चिन्ह शेवटी होते आणि ‘दऱ्या’त मधे, कारण मी त्या क्रमाने टंकले होते. समुद्रावर लिहिणाऱ्या, घाटाखाली राहणाऱ्या माणसाच्या पुस्तकात हे दोन शब्द किती वेळा येतात ते सांगायला नको. एकही चुकला नाही.

यातच आणखी एक गोष्ट निघाली. तो मुलगा रूपांतरित मजकूर तपासायला ज्या फॉन्टमध्ये दाखवत होता तो ‘मंगल’. विंडोजने देवनागरी पहिल्यांदा आपल्या पोटात घेतली ती विंडोज २००० पासून, आणि मंगल तिच्यासोबत आला. मी त्याला वर्षानुवर्षे नावे ठेवली. विंडोजचा म्हणून. तो र. कृ. जोशींनी घडवला, हे मला फार उशिरा समजले. लघुनियतकालिकांच्या चळवळीतला कवी, अक्षरांचा एवढा जाणकार. २००८ मध्ये ते गेले. शत्रूच्या देवळात आमच्याच माणसाने मूर्ती घडवली होती आणि मी दारावरची पाटी बघून बाहेर थांबले होते. मंगल मला अजूनही छापील पानासाठी आवडत नाही, पडद्यासाठीचा फॉन्ट आहे तो; पण आता निदान अक्षर पाहून आवडत नाही.

जोडाक्षरांची प्रश्नचिन्हे संदर्भाने भरत गेलो. विद्या, वृद्ध, विद्वान, ब्रह्म. यांना पर्यायच नसतो. अडले ते एका ठिकाणी, आणि नेमके २००३ मध्ये नव्याने घातलेल्या परिच्छेदात. छापील प्रतीत तो नाही, हस्तलिखित नाही, कारण त्यांनी तो तोंडी सांगितला होता. आळंदीहून परत येणाऱ्या एका म्हाताऱ्याविषयी ते लिहितात, की तो बरोबर फक्त एक ‘उ?ार’ घेऊन घरी आला. त्या फॉन्टमध्ये द्ध आणि द्ग दोन्ही वरच्या खणांत होते. उद्धार की उद्गार? वाक्य दोन्ही शब्दांनी उभे राहते, आणि दोन निराळी वाक्ये होतात. एकात म्हाताऱ्याला सर्व काही मिळालेले आहे, दुसऱ्यात तोंडातून निघालेला एक शब्द.

मुलाचे मत उद्धार. बाबा शेवटी शेवटी फार श्रद्धाळू झाले होते, तो म्हणाला. मला उद्गार वाटतो, कारण ‘फक्त एक’ हे शब्द उद्धाराला शोभत नाहीत. शिवाय हे वाक्य सांगताना ते जरा हसले होते असे मला आठवते, पण ते पुढच्या वाक्यालाही असू शकेल. चार दिवस मी त्यांच्याशेजारी बसले होते, तो शब्द माझ्याच बोटांनी टंकला होता. टेबलावर बोटे ठेवून अनेकदा ‘उ’ केले. पुढे बोट दोन्हीकडे जाते.

पुस्तक गेल्या वर्षी आले. पृष्ठ ११२ वर उद्गार छापले आहे. त्याखाली तळटीप द्यावी असा माझा आग्रह होता, मुलाला ती नको होती. त्याच्या प्रतीत त्याने पेनाने दुरुस्ती केली आहे. मी ती पाहिली आहे.